घामू बसत नाही

वेळूघाटच्या नगरपालिकेच्या गच्चीवर भर दुपारी सात शास्त्रज्ञ तोंडाने भोंगा वाजवत होते, आणि सूर काही लागत नव्हता.

तालमीत लागला होता. खऱ्या भोंग्याचा आवाज मुद्रित करून त्याचा आलेख काढला होता. पेटीच्या काळी दोनपासून चढत पांढरी पाचला जायचं, तिथे दम धरायचा आणि हळूहळू उतरायचं, असं ठरलं होतं. संख्याशास्त्राचे वैरागडे सर सत्तरीचे आणि दम्याचे. त्यांना फक्त उतरता भोंगा दिला होता. पोलिसांना आठवडाभर आधी लेखी कळवलं होतं की आम्ही अमुक दिवशी कायदा मोडणार आहोत, तरी कलम कोणतं लागेल ते कृपया सांगावं, म्हणजे फलकावर चुकीचं जायला नको. ठाण्यातून उत्तर आलं. कलम तर कळवलं होतंच, खाली हवालदाराने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टोपी घालून येणे, ऊन फार आहे.'

रुणाली उराडेने पुन्हा छाती भरून श्वास घेतला. हवा गरम दुधासारखी आत गेली. बाकीच्या सहांनीही जमेल तसा सूर लावला आणि बेवारशी म्हशींच्या कळपासारखा एक आवाज शहरावर पसरला.

खाली रस्ता खणणाऱ्या टोळीने मान वर केली. त्यांना वाटलं, भोंगा बिघडलाय. पण बिघडलेला का असेना, भोंगा होता. त्यांनी घमेली ठेवली आणि ते सावलीत गेले. पुढच्या गल्लीतले गेले. त्यांना पाहून त्याच्या पुढचे गेले. तासाभरात शहरातलं उघड्यावरचं सगळं काम थांबलं, आणि सात शास्त्रज्ञांना शासकीय भोंग्याची तोतयागिरी केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. हवालदाराने प्रत्येकाला ताक पाजलं.

खरा भोंगा घामूच्या ताब्यात होता, आणि घामू रुणालीनेच बनवला होता.

माणूस म्हणजे चालताबोलता माठ, एवढं समजलं की बाकीचं विज्ञान सोपं आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. घामाचंही तेच. पारा पंचेचाळीसला टेकला तरी वेळूघाटची माणसं या एका आधारावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. कारण ऊन कोरडं होतं. आता समुद्रच इतका तापला होता, की उपसागराची वाफ उन्हाळ्यातच विदर्भापर्यंत चालत यायची. ओल्या हवेत घाम उडत नाही, नुसता गळतो. खसचा कूलर अंगावर दमट हवा फेकत राहतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून आकडा पाहायचा. तो एकतीसच्या वर गेला, की राबणारं धडधाकट शरीरही आतून शिजायला लागतं. साधा पारा तेव्हा अडतीसच दाखवतो. लोक म्हणतात, आज बरं आहे. आणि संध्याकाळपर्यंत मरतात.

ओल्या फडक्याचा आकडा कोणी ऐकेना, म्हणून रुणालीने घामू बनवला. माठाच्या मातीची कातडी, आत कोमट पाण्याच्या नळ्या, आणि कुदळ मारणाऱ्या माणसाच्या अंगात जेवढी उष्णता तयार होते तेवढी देणारी एक कॉइल. चौकात उन्हात उभा राहून घामू घाम गाळायचा. आतलं पाणी माणसाला झेपणार नाही इतकं तापलं, की गुडघे दुमडून खाली बसायचा. घामू बसला की भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की कायद्याने काम बंद, मजुरी चालू. मजूर येता-जाता त्याच्या पाया पडायचे. "बस रे बाबा," म्हणायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात वरपर्यंत तक्रार गेली की घामू फार बसतो. समिती नेमली गेली. समितीने घामूत सुधारणा केल्या: कॉइल मंद केली, बाजूला पंखा लावला, डोक्यावर छप्पर टाकलं. कागदोपत्री घामू आता बावीस वर्षांचा, निर्व्यसनी, सावलीत आडवा पडलेला आणि कसलंही काम न करणारा इसम होता. असा इसम सहसा मरत नाही. घामू बसायचा थांबला. माणसं बसत राहिली. आणि घामू बसल्याशिवाय भोंगा वाजवणं हा गुन्हा ठरला.

म्हणून ते सात जण गच्चीवर गेले होते.

"ताई, लय बेसूर होते न तुमी लोकं," जामिनावर घरी आणताना पियूष म्हणाला.

पियूष तिचा धाकटा भाऊ. आई-बाबा गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला तिनेच वाढवलं, म्हणजे अभ्यास घेतला, आणि त्याने तिला वाढवलं, म्हणजे स्वयंपाक केला. आता तो नदीवरच्या उड्डाणपुलावर मुकादम होता.

"तू कुठं होता?" रुणालीने विचारलं. तिचा आवाज पार गेला होता.

"पुलावर. तिथंवर ऐकू आलं. माह्या पोरायनं काम टाकलं. ठेकेदार म्हने, कोन मेलं? मी म्हनलं, कोनी नाही साहेब, माही ताई गाऊन रायली."

"पोरं सावलीत गेले न? मंग झालं."

"झालं काय? पुढच्या खेपेले ताईले आवर म्हने, नाही तं तू बी घरी बस."

"बस मंग घरी."

"अन् तू पोसशीन? भोंगा वाजवून?" त्याने तिच्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं, शेजारी मिठाच्या कोमट पाण्याचा पेला. "पयले गुळण्या कर. अन् माह्या साइटकडं तोंड करून नको वाजवू बापा. शपथ आहे तुले."

रुणालीने गुळण्या केल्या. शपथ काही घेतली नाही. तोंडात पाणी होतं.

न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"तुम्ही भोंगा वाजवला नसता, तर कोणी मेलं असतं?"

"हो," रुणाली म्हणाली.

"कोण?"

"ते सांगता येत नाही. तीन ते एकोणीस माणसं. पंच्याण्णव टक्के खात्रीने."

"तीन की एकोणीस?"

"त्याच्या मधलं काहीतरी."

"आणि उरलेले पाच टक्के?"

तिच्या वकील शगुफ्ता शेख यांनी डोळे वटारले. पण रुणाली शपथेवर होती, आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची खोड होती. "उरलेल्या पाच टक्क्यांत आम्ही चुकतो, साहेब."

"अडीच-अडीच," वैरागडे सर मागच्या बाकावरून म्हणाले. "दोन्ही बाजूंना."

शेख वकीलबाईंनी फाइल मिटली.

निकाल मात्र उदार लागला. सातही जणांना ताकीद देऊन सोडलं. शिवाय कोर्टाने वाट काढून दिली: यापुढे कोणाही मान्यताप्राप्त शास्त्रज्ञाने तहसील कार्यालयात येऊन शपथेवर सांगावं, की आज उघड्यावर काम चालू राहिलं तर माणूस मरेल, शंभर टक्के. तसं सांगितलं, की घामू बसो वा न बसो, खरा भोंगा वाजेल. शपथ खोटी निघाली, तर शिक्षा.

बाहेर येऊन शेख वकीलबाई आनंदाने म्हणाल्या, "जिंकलो आपण! एवढंच तर म्हणायचंय." मग त्यांनी सात चेहऱ्यांकडे पाहिलं. "का? काय झालं?"

"शंभर कसं म्हणणार?" वैरागडे सर म्हणाले.

पुढच्याच दमट दिवशी ते तहसीलमध्ये गेले तेव्हा नायब तहसीलदार गेडाम साहेबांनी मनापासून मदत केली. भोंग्याची किल्ली टेबलावर काढून ठेवली. खिडकीतून बाहेरची हवा चुलीवरच्या झाकणाखालच्यासारखी येत होती.

"बोला."

"चौऱ्याण्णव टक्के," रुणाली म्हणाली.

"सहा टक्क्यांसाठी काहून अडता मॅडम? टाका न वरचे. बाजारात टाकते लोकं."

"नाही टाकता येत."

"सर, तुमी तरी सांगा."

"गेडाम साहेब," वैरागडे सर म्हणाले, "उद्या सूर्य उगवेल, याचीसुद्धा मी शंभर टक्के शपथ घेणार नाही."

"मंग तुमाले झोप कशी लागते?" गेडाम साहेबांनी कळकळीने विचारलं.

सातांपैकी कोणी कायद्याला भीत नव्हतं. तुरुंगात जायची सगळ्यांची तयारी होती; एकाने तर चादर आणून ठेवली होती. पण सरकारचा कायदा मोडणं वेगळं, आणि जे आपण काढलंच नाही ते उत्तर सांगणं वेगळं. ते सगळे परत गेले. त्या दिवशी वीटभट्टीवरचे दोघे गेले. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलं. सगळ्यांचीच शेवटी बंद पडते, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

त्यानंतर रुणालीला झोप लागेना.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस नुसताच गुरगुरत होता तेव्हा, ओलं फडकं एकतीस पूर्णांक चारवर गेलं. रुणालीने पियूषला फोन लावला. मागे काँक्रीट मिक्सरची घरघर.

"पियू, आज काम थांबव."

"आज स्लॅब आहे न ताई. सकाळपासून टाकून रायलो."

"अर्धा राहू दे."

"स्लॅब अर्ध्यात नाही थांबवता येत. वाळला की मंग नवा माल त्याले धरत नाही. जोड राहते. पुलाले जोड राहिला म्हनजे जन्मभर लोकं शिव्या देते."

"पोरं कशी आहेत?"

"दोघायनं ओकलं. पाठवलं खाली."

"अन् तू?"

"मी वर आहो. मले काय होते? घाम बी नाही येऊन रायला आता."

रुणालीने फोन ठेवला. घाम येत नाही म्हणजे काय, ते तिला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. रिक्षात बसून तिने हिशोब केला. नीट केला, कारण नीट न करणं तिला येत नव्हतं. सत्त्याण्णव आलं. तहसीलच्या पायऱ्यांवर पुन्हा केला. सत्त्याण्णव.

वैरागडे सर आधीच तिथे बाकावर बसले होते. त्यांचंही तेवढंच आलं होतं.

गेडाम साहेबांनी किल्ली काढली. "बोला."

"शंभर," रुणाली म्हणाली.

"नक्की?"

"शंभर टक्के."

सरांनी डोळे मिटले, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाला भर रस्त्यात चोरी करताना पाहून आपण दुसरीकडे बघतो. भोंगा वाजला. अगदी सुरात.

त्या दिवशी वेळूघाटात कोणीही मेलं नाही. रुणालीच्या बचावाच्या दृष्टीने हे फार वाईट झालं.

ठेकेदाराने खोट्या शपथेची तक्रार केली. सरकारी वकिलांचा मुद्दा सरळ होता: शंभर टक्के माणूस मरेल असं सांगितलं, माणूस मेला नाही. भोंगा वाजला म्हणून मेला नाही, असं शेख वकीलबाईंनी सांगून पाहिलं. सरकारी वकील म्हणाले, मग त्या दिवशी भोंगा न वाजता मेलेला माणूस दाखवा. तसा माणूस दाखवायचा तर भोंगा वाजायला नको होता, आणि भोंगा वाजला नसता तर खटलाच नसता. या मुद्द्यावर दोन्ही वकील बराच वेळ गोल फिरले. शेवटी साक्षीला पियूषला बोलावलं.

"भोंगा वाजला नसता तर तुम्ही मेला असता का?"

पियूषने बहिणीकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, गुंडी गळ्यापर्यंत लावून. "मी तं इथं उभा आहो साहेब."

"हो की नाही?"

"कसं सांगू? मी काही मरून पाहिलं नाही."

सहा महिन्यांची शिक्षा झाली.

गाडीत बसवायच्या आधी हवालदाराने दोघांना व्हरांड्यात जरा वेळ दिला. पियूष भिंतीच्या पोपड्याशी खेळत राहिला. "हो म्हनायले पाहिजे होतं न मी?"

"नाही. बरोबर बोलला तू. अंदाजानं सांगायचं नसते."

"तू तं सांगतलं."

"म्हनून तं जाऊन रायली."

तो हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "जोड राहिला पुलाले. मिक्सरची गाडी गेली की धक्का बसते. मी सांगतो लोकायले, हे माह्या ताईचं काम आहे."

"अन् पियू, घाम यायचा थांबला की खाली उतरायचं. कोनाचंच ऐकायचं नाही. माहं बी नाही."

"हो हो. गुळण्या करत जा तू. तिथं थंडं पानी असते."

रुणाली आत गेल्यावर शपथ घ्यायला कोणी तयार होईना. आधी तत्त्व होतं, आता तत्त्वाच्या जोडीला भीतीही आली, आणि दोघांचं चांगलं जमलं. पावसाळा मध्येच तुटला. भादव्याचं ऊन पडलं, खाली चिखल आणि वर भट्टी. दुपारी बायकांच्या बराकीत रुणालीने रुमाल ओला करून मनगटावर ठेवला. तो वाळेना. ती उठून दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. दार काही तिच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भेटीला वैरागडे सर आले. जाळीपलीकडे बसले तेव्हा त्यांचा दमा त्यांच्या आधी बोलत होता.

"काल एकतीस पूर्णांक चार होतं," ते म्हणाले. "तुझ्या त्या दिवसासारखंच. उलट वारा नव्हता, म्हणून जास्त वाईट. मी तहसीलमध्ये गेलो होतो."

"किती आलं?"

"नव्याण्णव पूर्णांक एक."

रुणालीने जाळीत बोटं अडकवली.

"गेडाम हात जोडत होता. सर, एक टक्का हो, म्हणत होता. मी म्हटलं, पूर्णांकात करून देतो. पूर्णांकात केलं तरी..."

"नव्याण्णवच."

"नव्याण्णवच." सरांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "पुलाचा शेवटचा स्लॅब होता. पोरांना त्याने खाली पाठवलं होतं, सगळ्यांना. भोंगा नसताना. ठेकेदाराशी भांडून. जोड राहू नये म्हणून मिक्सरवाल्याला घेऊन स्वतः कड पुरी करत होता."

तिने नाव विचारलं नाही. सरांनी सांगितलं नाही.

ती म्हणाली, "बरोबर सांगितलंत तुम्ही, सर."

सर शिव्या खायला आले होते. त्याशिवाय त्यांना उठता येईना. शेवटी भेटीची वेळ संपली म्हणून शिपायाने त्यांना दंडाला धरून उठवलं.

स्मशानघाटावर जायला तिला पोलिस पहाऱ्यात एक दुपार मिळाली. पूल तिथून दिसत होता. शेवटचा स्लॅब सलग होता.

अपिलाची तारीख त्यानंतर लगेच लागली. शेख वकीलबाई तिच्याशी जमिनीकडे बघून बोलल्या. "केस आता आपल्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

अपिलाचे न्यायाधीश नवे होते. त्यांनी निकाल सावकाश वाचला. अर्जदाराने ज्या आकड्यावर माणूस मरेल असं शपथेवर सांगितलं होतं, त्याच आकड्यावर, त्याच पुलावर, भोंगा न वाजता माणूस मेला. सबब खालच्या कोर्टापुढे जो पुरावा नव्हता, तो आता उपलब्ध झाला आहे. अर्जदाराची शपथ खरी धरण्यात येते. अर्जदाराची सन्मानाने मुक्तता.

रुणाली उभी राहिली. "हरकत आहे, साहेब."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्याच सुटकेला?"

"शपथ खोटीच होती. माझे सत्त्याण्णव आले होते. मी शंभर सांगितले. मी खोटं बोलले, हे मला आधी माहीत होतं आणि आताही माहीत आहे."

"पण बाई, त्यानंतर माणूस मेला ना."

"एका मृत्यूने सत्त्याण्णवाचे शंभर होत नाहीत. नमुना एकच आहे."

शेख वकीलबाईंनी तिचा पदर ओढला. न्यायाधीश वैतागले नव्हते, गोंधळले होते. "एक पुरेसा नाही?"

"नाही."

"मग किती लागतील?"

पंखा फिरत होता आणि ओली हवा इकडून तिकडे ढकलत होता. रुणालीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिला आकडा काढता येत होता. सूत्र पाठ होतं, आणि कोर्ट जेवढं थांबलं असतं तेवढ्या वेळात तो तिने काढलाही असता.

"मला एकच होता," ती म्हणाली.

कोर्टात फक्त कळफलकाची टकटक राहिली, मग तीही थांबली.

न्यायाधीशांनी घसा साफ केला. निकाल वाचून झाला होता. तो बदलणार नव्हता. ते लघुलेखकाकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "शेवटचं वाक्य घेऊ नका."

"घेतलं साहेब," लघुलेखक म्हणाला. पन्नाशीचा, पाठीवर शर्ट चिकटलेला माणूस.

"मग खोडा."

लघुलेखकाने पडद्यावरच्या ओळीकडे पाहिलं. मग कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले, आणि तसाच बसून राहिला.